सहाशे माणसांचं गाव आणि त्याचा रस्ता

जनगणनेची जिल्हा पुस्तिका कधी उघडून बघितलीये का? बहुतेक नसेलच. रविवारी दुपारी करायच्या गोष्टींमध्ये ती कोणाच्याच यादीत नसते. :) पण एकदा उघडली की वेळ कसा जातो कळत नाही. प्रत्येक जिल्ह्याची एक पुस्तिका, आणि त्यात प्रत्येक गावाला एक ओळ. गावाचं नाव, क्षेत्रफळ, घरं, लोकसंख्या. मग शाळा, दवाखाना, पोस्ट, बस, रेल्वे स्टेशन, पक्का रस्ता. सोय गावात असेल तर 'आहे'. नसेल तर ती किती लांब आहे याचं एक अक्षर: ५ किलोमीटरच्या आत 'ए', ५ ते १० च्या मध्ये 'बी', १० च्या पुढे 'सी'. झालं गाव संपलं!

आपण डेटाबेसवाले लोक. आपल्याला असं टेबल दिसलं की आधी प्रश्न पडतो, हे दोन कॉलम एकमेकांशी कसे जोडलेत? म्हणजे लोकसंख्या आणि रस्ता. माणसं वाढतात म्हणून रस्ता येतो, की रस्ता येतो म्हणून माणसं वाढतात? आपलं सरळ उत्तर असतं की दोन्ही थोडं थोडं. पण वर्धा जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचला तर तिसरंच उत्तर मिळतं. रस्ता गावातल्या माणसांसाठी क्वचितच आला. तो आला गावातून काहीतरी बाहेर न्यायचं होतं म्हणून, किंवा बाहेरच्या कोणाला तरी गावात यायचं होतं म्हणून. गावातल्या माणसांची संख्या हा रस्त्याचा आधार होऊ शकतो, ही कल्पना फार उशिरा आली. आणि आली तेव्हा तिच्याबरोबर नवीनच घोटाळे आले.

वर्धाच का? कारण पुण्या-मुंबईच्या बहुतेक लोकांसाठी वर्धा म्हणजे 'नागपूरच्या आधी एक मोठं स्टेशन येतं ते'. आणि कारण ह्या जिल्ह्यात असं एक गाव आहे ज्याच्या लोकसंख्येला आणि रस्त्याला साऱ्या जगात किंमत आली होती. त्याच्याकडे येतोच. पण आधी रेल्वे.

कापूस आधी, माणसं नंतर

नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग तोडून वर्धा जिल्हा केला. जिल्ह्याचं मुख्य ठाणं सुरुवातीला पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. वर्धा नावाचं शहर तेव्हा नव्हतंच! १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवीन शहर आखलं, आणि जिल्ह्यातून वाहणाऱ्या नदीचं नाव त्याला दिलं. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीची रेल्वे भुसावळकडून नागपूरला पोचली. वाटेत अर्थातच वर्धा.

ह्यामागे कापूस होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानकडे लागले. हिंगणघाटच्या कापसाला तर विलायतेच्या बाजारात स्वतःचं नाव होतं. रेल्वेच्या आधी हाच वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे. महिने लागायचे, आणि पाऊस लागला तर माल तिथेच. वर्धा जिल्ह्याची पहिली जमीन महसूल बंदोबस्ती ज्या अधिकाऱ्याने केली, तो हॅरी रिव्हेट-कर्नाक पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर झाला. जमीन मोजणारा आणि कापूस बघणारा माणूस एकच, ह्यात सगळं आलं.

१८७० च्या दशकात वर्ध्यापासून दक्षिणेला हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत फाटा काढला. एका टोकाला कोळसा, वाटेत कापूस. आणि १९१७ मध्ये पुलगावपासून आर्वीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज सुरू झाली. ही सरकारी नव्हे, खाजगी. मुर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरची प्रसिद्ध 'शकुंतला' ज्या कंपनीची, तिचीच ही बहीण. काम तेच, कापूस उचलून मोठ्या लाइनवर आणून टाकणं. आर्वीची ती छोटी गाडी आता कधीच बंद पडलीये.

आता देवळीकडे बघा. देवळी ही जुनी बाजारपेठ. वर्धा शहर कागदावर आखलं जात होतं तेव्हा देवळीत कापसाचा व्यापार जोरात चालू होता. माणसं होती, बाजार होता, पैसा होता. पण १८६७ ची लाइन देवळीवरून न जाता वर्धा-पुलगाववरून गेली. एका रेघेने देवळी मागे पडली आणि पालकवाडीचं जिल्ह्याचं शहर झालं. देवळीला रेल्वे कधी मिळाली माहितीये? फेब्रुवारी २०२४ मध्ये! वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नवीन मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा. म्हणजे वर्ध्यानंतर तब्बल १५७ वर्षांनी. तेही वर्ध्यापासून वीसेक किलोमीटरच्या आत असून.

तर मुद्दा असा, की लोकसंख्या असणं आणि लाइन मिळणं ह्यांचा संबंध अगदीच ढिला होता. नकाशा मालाच्या सोयीने काढला गेला. माणसं नंतर त्या नकाशाप्रमाणे हलली.

जंक्शनपासून पाच मैल

१९२९ मध्ये बल्लारशाह आणि काझीपेठ ह्यांच्यामधला रेल्वेचा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ मार्ग तयार झाला. मुंबई-कलकत्ता मार्ग आधीपासून होताच. हे दोन्ही मार्ग एकमेकांना जिथे भेटतात ती जागा म्हणजे वर्धा. हिंदुस्थानच्या नकाशाला दोन घड्या घातल्या तर त्या जवळपास इथेच एकमेकींना छेदतील. देशातल्या मोठमोठ्या शहरांतून वर्ध्याला येता येत होतं.

आणि ह्या जंक्शनपासून फक्त पाचेक मैलांवर एक गाव होतं, सेगाव. वस्ती जेमतेम सहाशे. त्यात बहुसंख्य दलित. पोस्ट नाही, धड दुकान नाही, मोटार जाईल असा रस्ता नाही. बैलगाडीची वाट तेवढी होती. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीच्या वाटेचं काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी: चप्पल अडकते, पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. वरून मलेरिया.

हे गाव जगाला माहीत झालं ते १९३६ मध्ये. गांधीजींनी साबरमती सोडली होती, आणि जमनालाल बजाजांच्या आग्रहाने १९३४ पासून त्यांचा मुक्काम वर्ध्याला होता. सेगावची बरीचशी मालगुजारी जमनालालजींकडे होती. मीराबेन तिथे आधीच जाऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावात आले. मग मधले काही दिवस म्हैसूरकडे नंदी हिल्सला जाऊन जूनमध्ये परतले ते पावसात पायी चालत सेगावला राहायलाच गेले. वय ६६.

त्यांना असंच गाव हवं होतं हे लक्षात घ्या. सोयीचं नव्हे, तर देशातल्या लाखो खेड्यांसारखं. शहरात बसून खेड्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही, आणि आपण खेड्यात राहायचं तर एकट्याने, लवाजमा न घेता, असा सुरुवातीचा बेत होता. झोपड्याही तिथल्याच मातीच्या, तिथल्याच बांबूच्या, तिथल्याच मजुरांनी बांधलेल्या.

पण झालं काय? गाव जगाशी तुटलेलं, आणि माणूस असा की ज्याला देशात सर्वात जास्त पत्रं येत असतील. रोज टपालाचे ढीग. तारा. पाहुणे. लॉर्ड लोथियन जानेवारी १९३८ मध्ये सेगावला येऊन राहून गेले. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये आला आणि उन्हाळ्यात आठवडाभर राहिला. वर्धा स्टेशन ते गाव हा पाच मैलांचा तुकडा अचानक देशातला महत्त्वाचा रस्ता झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन जाड बॅकबोन केबल एकत्र येतात त्या खोलीच्या शेजारीच सर्व्हर आहे, पण शेवटची पाच मैल वायरच नाहीये!

त्यातून एक मजेशीर भानगड उद्भवली. ह्याच नागपूर-भुसावळ लाइनवर बुलडाणा जिल्ह्यात शेगाव आहे. गजानन महाराजांचं. इंग्रजीत सेगाव आणि शेगाव लिहिताना एका अक्षराचा काय तो फरक. टपाल खुशाल एकीकडचं दुसरीकडे जायला लागलं. दोन गावांना एक नाव, म्हणजे सरळसरळ आपला नेहमीचा नेमस्पेसचा घोळ. त्यावर उपायही आपण करतो तोच केला गेला, एकाचं नाव बदललं. १९४० मध्ये सेगावचं 'सेवाग्राम' झालं. आपल्याला हे नाव एखाद्या तत्त्वज्ञानासारखं वाटतं, आणि ते आहेही. पण त्याच्या मुळाशी पत्ता चुकलेलं टपाल आहे, हे मला फार आवडतं.

मग एकेक सोय येत गेली. टपालाची सोय झाली, रस्ता झाला, टांगे सुरू झाले. व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या काळात आश्रमात टेलिफोन आला. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने बसवलेला. आजही आश्रम बघायला गेलात तर तो फोन दाखवतात. आजूबाजूच्या मातीच्या भिंती बघून मग तो फोन बघावा. पुढे 'वर्धा पूर्व' ह्या स्टेशनचंही नाव सेवाग्राम झालं. मुंबई-नागपूर गाडीला 'सेवाग्राम एक्सप्रेस' नाव मिळालं.

आता ह्यात त्या सहाशे माणसांचं काय? सेगावची लोकसंख्या ३० एप्रिल १९३६ च्या आदल्या दिवशीही सहाशेच होती. पिढ्यान् पिढ्या पाऊस पडत होता, चिखल होत होता, बाया बाळंत होत होत्या, माणसं मलेरियाने मरत होती. तेव्हा कोणी रस्ता केला नाही. रस्ता झाला तो सहाशे अधिक एक झाल्यावर. त्या एकाला भेटायला लोकांना जायचं होतं म्हणून. म्हणजे कापसाच्या बाबतीत जे झालं त्याचंच उलटं रूप. तिथे माल बाहेर काढायला लाइन, इथे पाहुणा आत आणायला रस्ता.

मी हे खवचटपणे म्हणत नाहीये. आलेल्या रस्त्याचा फायदा गावाला झालाच. सुशीला नायरांनी चालवलेल्या छोट्याशा दवाखान्यातून १९४० च्या दशकात कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं, आणि १९६९ मध्ये तिथेच ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एकेकाळी जिथे जायला वाट नव्हती तिथे आज आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. पण जिल्ह्यातल्या बाकीच्या शेकडो गावांत कोणी गांधी राहायला गेले नव्हते ना! त्यांचं काय करायचं?

एक पंचमांश मैल, अर्धा मैल

त्याचं उत्तर योगायोगाने वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवरच शोधलं गेलं. डिसेंबर १९४३. महायुद्ध चालू आहे. सेवाग्रामचा तो रहिवासी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध आहे. आणि नागपुरात देशभरच्या प्रांतांचे मुख्य अभियंते बैठकीला जमलेत. ह्या बैठकीतून जो आराखडा निघाला तो 'नागपूर प्लॅन'. सिव्हिलच्या कुठल्याही मित्राला विचारा, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेलं ते प्रकरण त्याला झोपेतही आठवेल. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आपण सर्रास वापरतो ती उतरंड तिथे पक्की झाली. शेतीच्या विकसित भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं उद्दिष्ट ठरलं.

आणि एक सूत्र ठरलं. एखाद्या भागात खालच्या दर्जाचे, म्हणजे गावांना जोडणारे रस्ते एकूण किती मैल हवेत, ह्याचं. ते असं: पाचशेपर्यंत वस्तीच्या प्रत्येक गावामागे एक पंचमांश मैल. ५०१ ते १००० वस्तीच्या गावामागे अर्धा मैल. १००१ ते २००० असेल तर एक मैल. २००१ ते ५००० असेल तर दोन मैल. सगळ्याची बेरीज करा, पुढच्या विकासासाठी १५ टक्के वाढवा, झाला तुमचा आकडा.

बघा किती साधं आहे. एका ओळीचा प्रोग्राम. पण मला ह्या ओळीत जे दिसतं ते वेगळंच आहे. गावात कापूस किती पिकतो, कोळसा आहे का, कोण मोठा माणूस राहतो, असलं काहीही ह्या भागात विचारलेलं नाही. फक्त विचारलंय की माणसं किती? सहाशे? मग तुमच्या नावावर अर्धा मैल रस्ता. बस्स. माणूस आहे एवढ्यावरच त्याच्या वाट्याला काही वार रस्ता येतो, ही गोष्ट आपल्याकडे आकड्यांत बहुधा अशी पहिल्यांदा मांडली गेली. गांधीजी जे सेगावला जाऊन सांगू पाहत होते, त्याची एक आवृत्ती मुख्य अभियंत्यांनी अपूर्णांकात लिहिली. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं हेही खरंच.

प्लॅन वीस वर्षांचा होता, १९६३ पर्यंतचा. लक्ष्य सुमारे ५ लाख ३३ हजार किलोमीटर. १९६१ पर्यंतच देशात ७ लाख किलोमीटरच्या वर रस्ते झालेले होते. वा वा! पण त्यातली मेख अशी की लक्ष्यापेक्षा जास्त लांबी झाली ती बरीचशी कच्च्या, खालच्या दर्जाच्या रस्त्यांची, आणि वरच्या दर्जाचे रस्ते मात्र मागे राहिले. लांबी मोजायची ठरलं की लांबी वाढते. पावसाळ्यात तो रस्ता असतो का, हा कॉलमच नव्हता.

तो कॉलम आला २००० च्या डिसेंबरमध्ये, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत. तिथे शब्द होता 'बारमाही रस्ता'. सपाट प्रदेशात ज्या वस्तीची लोकसंख्या ५०० किंवा जास्त, आणि जी बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर लांब, ती वस्ती पात्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हीच अट २५० ची. १९३६ चं सेगाव ह्या चाळणीतून शंभरेक माणसांच्या फरकाने पास झालं असतं. कोणाही मोठ्या माणसाविना. मला विचाराल तर रस्त्यांच्या इतिहासातली ही एक मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती साजरी करत नाही.

४९९

पण जिथे चाळणी असते तिथे काठ असतो. ५०० ची अट म्हटलं की ४९९ चं गाव आलंच. एक घर नाशिकला द्राक्षं तोडायला गेलं, एक कुटुंब नागपूरला पोराच्या शिक्षणाला गेलं, की गाव अटीच्या खाली. मोजणीचा आकडा हा आता नुसता आकडा राहत नाही, तो रस्ता असतो.

ह्या काठाचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी झकास उपयोग करून घेतला. सॅम आशेर आणि पॉल नोवोसाद. त्यांचा विचार असा की अटीच्या जरा वरची गावं आणि जरा खालची गावं ह्यांच्यात तसा काहीच फरक नसतो. मग एकाला रस्ता मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर पुढे जो फरक पडेल तो रस्त्यामुळेच. (म्हणजे फुकटात एबी टेस्टिंग!) वेगवेगळ्या राज्यांतल्या हजारो गावांचा डेटा घेऊन केलेला त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष? रस्ता आल्यावर लोक शेती सोडून दुसऱ्या कामाला जायला लागतात, हा ठळक परिणाम. गावातली शेती, उत्पन्न, घरातल्या वस्तू ह्यांत मात्र फार मोठा बदल दिसत नाही. थोडक्यात, रस्ता आला म्हणून गावात कारखाना येत नाही. गावातला माणूस कारखान्यात जाऊ शकतो, एवढंच.

आता हे डोक्यात ठेवून वर्ध्याचे आकडे बघा. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६. २०११ मध्ये १३,००,७७४. दहा वर्षांत वाढ जेमतेम ५ टक्के, जेव्हा सगळ्या महाराष्ट्राची वाढ १६ टक्के होती. त्याच दहा वर्षांत जिल्ह्यात शहरी लोकांचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून साडेबत्तीसच्या आसपास गेलं. गुणाकार करून बघा. मोजणीतली ग्रामीण माणसं वाढली तर नाहीतच, उलट कमी झाली. अंदाजे ९ लाख ११ हजारांवरून ८ लाख ७७ हजारांवर.

ह्यातले सगळेच गाव सोडून गेले असं मात्र नाही हं. इथे दुसरी एक गंमत आहे. वर्धा शहराच्या कडेची सिंदी, पिपरी, बोरगाव, सावंगी ही 'मेघे' आडनावाची गावं, किंवा विनोबांचं नालवाडी, ही आता शहराला चिकटलीयेत. ह्याच सिंदीत सेगावच्या आधी मीराबेन ग्रामसफाईचं काम करत होत्या! जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि ७५ टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेरच्या कामात असतील, तर ग्रामपंचायत असूनही ते गाव 'शहर' म्हणून मोजतात. म्हणजे काही माणसं गाव सोडून शहरात गेली, आणि काही माणसं जागची हलली नाहीत, शहरच त्यांच्याकडे आलं. दोन्हीकडे गाव कमी झालं.

हा रस्त्याचा पराभव आहे का? मला नाही वाटत. कोणाला गावात डांबून ठेवण्यासाठी रस्ता नसतोच. आपल्यातले कितीतरी जण कोणाच्या तरी आजोबांनी कुठल्यातरी फाट्यावर एसटीची वाट बघितली म्हणून आज इथे एसीत बसून कोड लिहितायत. पण मग जे मागे राहतात त्यांचा हिशेब बदलतो. तरुण माणूस रस्त्याने जातो, म्हातारा मागे राहतो. वस्ती घटली की बसला प्रवासी मिळत नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या कमी. फेऱ्या कमी म्हणून ज्याला जमेल तो मोटारसायकल घेतो किंवा शहरात खोली. म्हणून प्रवासी अजून कमी. 'गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी' ह्या घोषणेतला पहिला अर्धा भाग बराचसा खरा झाला, दुसरा अर्धा हळूहळू सुटतोय. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप काही महिने चालला तेव्हा शहरात बातमी होती, खेड्यात शाळा बुडत होती.

आणि रस्ते तर आता पूर्वी कधी नव्हते इतके मोठे होतायत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. ह्या रस्त्यावर चढता-उतरता येतं ते येळाकेळी, विरूळ अशा ठरावीक ठिकाणीच. मधल्या गावांना तो कुंपणापलीकडून दिसतो. वेगवान रस्त्याला ते कुंपण लागतंच, तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काहीच नाही. पण १८६७ ची लाइन पुन्हा आठवते. मुंबई आणि नागपूर जवळ आली. मधलं गाव होतं तिथेच आहे.

म्हणून मला त्या जिल्हा पुस्तिकेतल्या कॉलमांबद्दल प्रश्न पडतो. 'बस: आहे'. कितीची? शेवटची किती वाजता? पावसाळ्यात येते का? रविवारी? रात्री दोनला कोणाच्या छातीत दुखलं तर सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत किती वेळ? 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोन किमतींत ह्यातलं काहीच मावत नाही. १९४३ ला आपण लांबी मोजली, लांबी मिळाली. २००० ला बारमाही रस्ता मोजला, तोही बऱ्याच ठिकाणी मिळाला. जे मोजतो ते मिळतं असा आपला अनुभव आहे. मग पुढचं मोजायला काय हरकत आहे?

हे आत्ता लिहायचं कारणही आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची जाहीर झालीये. २०२४ मध्ये ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, रस्ता नसलेल्या आणखी २५,००० वस्त्यांसाठी, २०२८-२९ पर्यंत. त्यातली ५०० ची अट मोजायची २०११ च्या आकड्यांवर! म्हणजे एखाद्या वस्तीला २०२८ मध्ये रस्ता मिळणार की नाही, ते १७ वर्षांपूर्वी कोण घरी होतं ह्यावर ठरणार. त्या रात्री कोणी रोजगारासाठी परगावी असेल, तर त्याच्या आईच्या वाटेचा चिखल अजून काही वर्षं तसाच.

तेव्हा पुढच्या मोजणीला दारावर माणूस आला की त्याला कटवू नका. आणि गावाकडे आई-बाबा किंवा आजी-आजोबा असतील तर त्यांना फोन करून सांगा, की घरातलं कोणी मोजायचं राहू देऊ नका, एक-एक माणूस धरून सगळे सांगा. सहाशे अधिक एक हे काही सगळ्याच गावांच्या नशिबी नसतं. बहुतेकांना स्वतःच्याच पाचशेवर निभावून न्यावं लागतं.

असो. पुढच्या वेळी आर्वीच्या छोट्या गाडीबद्दल सविस्तर लिहायचा विचार आहे. बघू कसं जमतं ते.